बाईच्या तोंडी शोभत नाही ते

जनाबाईचा एक अभंग आहे. त्यात ती अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या घालते, आणि त्या साध्यासुध्या नाहीत. ती त्याच्या बायकोच्या कपाळी वैधव्य आणते, त्याच्या प्रेताचीही वाट लावून मोकळी होते. आज एखाद्या सुनेनं भरल्या घरात हे शब्द उच्चारले तर शेजारपाजारचे कान टवकारतील. हा अभंग मात्र कीर्तनात रंगवून सांगितला जातो आणि ऐकणारे माना डोलावतात. जनीची जीभ सैल होती असं कुणी म्हणत नाही. सलगी, लाड, भक्तीतला हक्क अशा नावांनी सातशे वर्षं आपण तो अभंग डोक्यावर घेतला आहे.

जनी गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणगोठा हे तिचं आयुष्य. तिला एवढी मोकळीक कशी मिळाली, या प्रश्नाचा मागोवा घेतला की मराठी बाईच्या फटकळ बोलण्याचा पुढचा सगळा इतिहास उलगडायला लागतो. ती ज्याला शिव्या देते तो देव आहे. तो उलट बोलत नाही आणि त्याला अब्रूनुकसानीची भीती नाही. शिवाय आजूबाजूच्या कुठल्याही जित्याजागत्या पुरुषाला त्या शिव्या आपल्यासाठी आहेत असं वाटत नाही. त्या शिव्या ऐकून घेणं त्यामुळे कुणालाच जड जात नाही.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी भारुडं रचली. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडातली सून भवानीला नवस बोलते, की सासरा गावी गेलाय तो तिकडेच संपू दे, सासूचं काहीतरी कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्यालाही ने, मला एकटीला राहू दे. ऐकणारे पोट धरून हसतात. पण हे रचलं पुरुषानं, लुगडं नेसून सादर केलं बहुधा पुरुषानंच, आणि शेवटी निरूपण येतं की सासूसासरे म्हणजे मनातले विकार. तमाशातली मावशीही तशीच. वगाच्या आधी गौळणींबरोबर जी टारगट, तोंडाळ मावशी येते, ती मिशा काढलेला पुरुष असते. आणि लावणीतली बाई, जी इतकं धीटपणे बोलते, तिचे शब्द रामजोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ यांनी लिहिलेले. गायची तिनं, नाव शाहिराचं आणि बदनामी पुन्हा तिची.

बायका स्वतःच्या तोंडानं कडक बोलत नव्हत्या असं नाही. पहाटे जात्यावर बसल्या की सासूचा, दिराचा, नवऱ्याचा, नशिबाचा जो उद्धार होई तो ओव्यांमध्ये उतरलेला आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना माया, दुःख, देवभक्ती यांच्या शेजारी उघडा राग बसलेला दिसतो. पण ते बोलणं दोन बायकांमधलं होतं. घरातले पुरुष तेव्हा झोपलेले असत, आणि जाग असली तरी ते जात्याचं गाणं समजून ऐकत. त्यावर कुणाची सही नसे. बाजारात मासळी विकणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या बाईला तर मऊ बोलणं परवडतच नसे. तिचं बोलणं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं, आणि ‘घरंदाज बाई असं बोलत नाही’ हे पटवून देताना तीच उदाहरण म्हणून पुढे केली जाई. या मोजपट्टीत जात किती मुरलेली आहे ते इथे दिसतं. माजघरातल्या बाईची अब्रू कशात आहे हे ठरवायला बाजारातली बाई लागते.

छापखाना आला आणि चित्र पालटलं. आता बोलणं कागदावर उतरलं, त्याला लेखकाचं नाव लागलं, ते टपालानं गावोगाव गेलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक छोटं पुस्तक छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’, आणि लेखिकेचं नाव ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते.

निमित्त झालं सुरतेकडचं. विजयलक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेनं आपलं नवजात मूल मारलं, म्हणून १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळं पाणी झालं. या निमित्तानं वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्या वागण्यावर ताशेरे झडू लागले. ‘पुणेवैभव’सारखी पत्रं त्यात पुढे होती. त्या मुलाचा बाप कोण, तो कुठे आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. ताराबाईंनी विचारलं.

आणि कसं विचारलं! बायका साहसी, कपटी, मूर्ख, लोभी असे जे दोष शास्त्रांनी आणि लोकांनी सांगितले, ते त्यांनी एकेक करून उचलले आणि पुरुषाच्या अंगावर घालून दाखवले. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली, आता बायकोसाठी त्या वाटेला लागलेला एक तरी पुरुष दाखवा, असं त्यांनी बजावलं. बायको गेल्यावर नवऱ्यानं दाढीमिशा भादरून, तोंड काळं करून रानात जाऊन का राहू नये, असा सवाल टाकला. तो तर दहाव्याचं पाणी वाळतं न वाळतं तोच दुसरी आणायला निघतो. देवांनाही त्यांनी सोडलं नाही. पुराणांतल्या देवांची आणि ऋषींची वागणूक काढून त्यांनी विचारलं की पातिव्रत्याचे धडे द्यायला ही मंडळी पात्र आहेत का. त्या काळच्या कादंबऱ्या आणि नाटकं धुऊन काढली आणि सुधारणेच्या नावाखाली फक्त कपडे बदलणाऱ्या बाबूंचीही खरडपट्टी काढली. हे सगळं म्हणींनी ठासलेल्या, बुलढाण्याच्या चुलीजवळ बोलतात तशा मराठीत, श्वास न घेता. तो निबंध मोठ्यानं वाचला की बाई बोलतेय हे कानाला कळतं. विरामचिन्हांची पर्वा नाही, वाक्यं एकमेकांत घुसतात, रागाच्या भरात एक मुद्दा सोडून दुसरा धरला जातो आणि पुन्हा पहिल्यावर येऊन तो पुरा केला जातो.

याच पुस्तकाच्या प्रस्तावनेपाशी मी दर वेळी थांबतो. तिथे ताराबाई आपली ओळख मराठ्याच्या घरात कोंडलेली, अनुभव नसलेली, अल्पबुद्धीची बाई अशी करून देतात, आणि आपली भाषा कठोर झाली आहे हे आधीच कबूल करतात. पुढे कुणाचीही भीड न बाळगणाऱ्या लेखिकेला पहिल्या पानावर माफी मागावीशी वाटली. आपण काय म्हणतोय याकडे नंतर बघतील, आधी कसं म्हणतोय त्यावर धरतील, याचा त्यांना पक्का अंदाज होता.

झालंही तसंच. विरोधकांनी झोडपलं त्यात नवल नाही, पण स्वतःच्या वर्तुळातल्या पुरुषांनीही नाकं मुरडली. जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन लिहावं लागलं, त्यांना चिरंजीविनी म्हणावं लागलं. ताराबाईंनी त्यानंतर काही छापलेलं सापडत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं. मराठीतल्या एवढ्या मोठ्या निबंधाला दुसरा छापखाना दिसायला त्र्याण्णव वर्षं लागली.

आता याच वर्षांत पुरुष काय लिहीत होते ते बघावं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. लोकहितवादी आणि जोतीराव यांच्यावर त्यांनी जे आसूड ओढले, त्यांत खिल्ली आहे, हेटाळणी आहे, समोरच्याच्या व्याकरणावरून त्याची लायकी काढणं आहे. विष्णुशास्त्री वारले ते १८८२ मध्ये, ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघाली त्याच वर्षी. त्यांची ती धार पुढच्या पिढ्यांनी शैली म्हणून शाळेत शिकवली, मराठी भाषेचा शिवाजी म्हणून त्यांना गौरवलं. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’मधून संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांना ज्या शेलक्या विशेषणांनी न्हाऊ घातलं, ती लोक सकाळी चहाबरोबर मोठ्यानं वाचत. ‘ठाकरी भाषा’ हे तर अजूनही कौतुकाचं नाव आहे. मला चिपळूणकर आणि अत्रे वाचायला आवडतात, त्यांची मराठी जिवंत आहे. म्हणूनच सलतं की ज्या मातीत असा बोचऱ्या गद्याचा मळा फुलला, तिथे ताराबाईंच्या वाट्याला पडीक जमीन आली.

रखमाबाईंची गोष्ट थोडी वेगळी, पण त्याच रस्त्यावरची. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा नावानं त्यांनी बालविवाहावर पत्रं लिहिली. भाषा इंग्रजी आणि सभ्य होती, शिवी एकही नव्हती. पण लहानपणी ज्याच्याशी लग्न लावलं त्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही हे त्यांनी कोर्टात सांगितलं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम दिल्यावर तुरुंगात जाईन असं उत्तर दिलं. टिळकांच्या पत्रांनी बायकांना शिकवण्याची ही फळं म्हणून टीका केली. म्हणजे उद्धटपणा शब्दांत असायलाच हवा असं नव्हतं. साध्या नकारातूनही तो लोकांना ऐकू येत होता. पुढे हीच बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेला तिनं वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली.

१९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातली आणि शरीरातली घालमेल त्यात होती. पुणं पेटलं. ही विभावरी कोण, की बाईच्या नावामागे दडलेला कुणी पुरुष, यावर तर्क लढवले गेले. खरी लेखिका होती बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली शिक्षिका, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांनी नाव लपवलं नसतं तर नोकरीचं आणि जगण्याचं काय झालं असतं याची कल्पना करता येते. ताराबाईंनी पहिल्या पानावर माफी मागितली, रखमाबाईंनी टोपणनाव घेतलं, विभावरींनीही घेतलं. पन्नास वर्षांत बाईनं छापून बोलावं कसं याच्या युक्त्या बदलल्या, पण युक्ती लागतेच हे बदललं नाही.

मग येतं १९७२. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी ठेवल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही.

मार्चमध्ये विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. चंपा ही फौजदाराची नवऱ्याला सोडून आलेली बायको. ती दारू पिते, कमरेवर हात ठेवून बोलते, नवरा समोर आला की त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवते. परिनिरीक्षण मंडळानं कात्री चालवली, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि तिथून नाटक सुटलं. शिव्या सखारामच्या तोंडीही होत्या, आणि सगळीच भाषा तेंडुलकरांची होती. तरी घरंदाज बाईनं असं काम कसं केलं, हा प्रश्न लालनबाईंकडे वळला. रंगमंचावर त्या शब्द न् शब्द लेखकाचाच बोलत होत्या, पण ते शब्द बाईच्या तोंडून आल्यावर लेखक मागे पडला आणि बाई पुढे आली. लावणीचंच हे नव्या थिएटरातलं रूप.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. कामाठीपुऱ्याची भाषा, तिथल्या शिव्या, तिथला मळ आणि घाम थेट कवितेत. सुरुवातीला अनेकांना कळलं नाही, काहींना किळस आली, पण मराठी कवितेची हद्द या माणसानं वाढवली हे फार लवकर मान्य झालं. ते योग्यच झालं. ‘गोलपिठा’ मोठाच आहे.

आणि त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते पुढे होत्या. मंत्र्यांना तोंडावर सुनावणाऱ्या या बायकांना लोकांनी ‘रणरागिणी’ म्हटलं. तूर, तेल, रॉकेल यांच्यासाठी बाई ओरडली तर ती घरासाठीच ओरडते, असा लोकांचा हिशेब असावा. तोंड तेच, पण ते नवऱ्याकडे न वळता सरकारकडे वळलेलं.

दुर्गाबाई भागवतांनाही या हिशेबाचा थोडा फायदा झाला असं मला वाटतं. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, आणि देशात आणीबाणी होती. त्यांनी व्यासपीठावरून आणीबाणीचा निषेध केला, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. त्या निर्भीड होत्या हे आज कुणीही सांगतो. पण त्यांनी साहित्यिकांवर, संशोधकांवर, आपल्याच माणसांवर जेव्हा तितकंच स्पष्ट बोट ठेवलं तेव्हा त्या तऱ्हेवाईक, हेकट ठरल्या. दिल्लीला सुनावणारी बाई सगळ्यांना हवी होती. तिनं आपल्यालाही सुनावलं की तिचा स्वभाव वाईट.

घराकडे वळलेलं तोंड कसं तोललं जातं ते १९८४ मध्ये दिसलं. मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. शाहीर अमर शेख यांची मुलगी, स्वतः कवयित्री, नामदेव ढसाळांची बायको. तिनं लग्नातली मारहाण, आजार, अपमान आणि प्रेमही, काहीही न झाकता लिहिलं. भाषा उघडी होती, नवऱ्याच्या कवितेइतकी नाही, पण उघडी. खळबळ उडाली. दलित चळवळीच्या नेत्याचं घर चव्हाट्यावर आणलं, हा आरोप मला सर्वांत बोलका वाटतो. ‘गोलपिठा’नं एक अख्खी वस्ती चव्हाट्यावर आणली होती आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ होतो. एका घराबद्दल मात्र आपल्याला गप्प बसायला हवं होतं. पुस्तक बरीच वर्षं सहजासहजी मिळत नव्हतं. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये आला आणि मग मराठी वाचकांनीही मूळ पुस्तकाची नव्यानं चौकशी सुरू केली.

हंसा वाडकरांनी त्याआधीच ‘सांगत्ये ऐका’मध्ये आपली दारू, आपले पुरुष, फसवणूक हे सारं सांगून टाकलं होतं, पण त्या सिनेमातल्या, म्हणजे लोकांच्या लेखी आधीच बिघडलेल्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा धक्का कमी आणि चघळणं जास्त झालं. बेबी कांबळे यांनी फलटणमध्ये दुकान सांभाळत ‘जिणं आमुचं’ लिहिलं, ते नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून. त्यात महारवाड्यातल्या सासूसुनांचं, मारझोडीचं, आपल्याच पुरुषांच्या जाचाचं जे वर्णन आहे ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर दलितांची बदनामी म्हणून फाडलं गेलं असतं. बेबीताईंनी केलं म्हणून ते घोटभर पाण्यासारखं गिळावं लागलं.

उर्मिला पवारांची ‘कवच’ ही कथा या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत जवळची. कोकणातली इंदिरा आंब्यांची टोपली घेऊन चिपळूणच्या बाजारात जाते. तिच्या शाळकरी मुलाला, गौऱ्याला, आईनं जाऊ नये असं वाटतं, कारण आंब्यांवरून गिऱ्हाइकं बायकांशी कसले विनोद करतात हे त्यानं ऐकलेलं आहे. त्याला लाज वाटते, आणि ती लाज गिऱ्हाइकाची नाही, आईची वाटते. तो बरोबर जातो. बाजारात तेच होतं. एक जण आंब्यावरून द्वयर्थी बोलतो, आणि इंदिरा न लाजता, मान खाली न घालता, त्याच भाषेत, त्याच्या तोंडावर असं उत्तर देते की तो गप्प होतो. मुलगा पाहत राहतो.

ही कथा एका महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली तेव्हा ती अश्लील आहे, मुलींना शिकवण्यासारखी नाही, म्हणून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत शिकवणाऱ्या बायकाही होत्या. मला त्यांची अडचण समजते. वर्गात ते वाक्य मोठ्यानं वाचायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं ते म्हणायचं, आणि शिक्षिकेला ते म्हणायला कुणी कधी शिकवलेलं नसतं. पण त्या वर्गातल्या मुलींपैकी कितीतरी जणी रोज बसमध्ये, बाजारात, कॉलेजच्या फाटकापाशी गिऱ्हाइकाची ती भाषा ऐकतच होत्या. त्यांच्यासाठी नवीन होतं ते इंदिरेचं उत्तर. ‘कवच’ आज जिथे शिकवली जाते तिथे शिकवणाऱ्यांनी ती पुरी वाचून दाखवावी, तेवढं एक वाक्य घाईनं उरकू नये, आणि ‘पुढचं घरी वाचा’ म्हणून तर मुळीच सोडू नये.